घरगुती स्लिपर ऑर्किडची खुंटलेली वाढ : कारणे व उपाय

कुंडीत जोपासावयाच्या फुलझाडांमध्ये स्लिपर ऑर्किडचे स्थान काहीसे निराळे आहे. त्याच्या फुलाची खालची पाकळी मोजडीच्या पुढच्या भागासारखी फुगीर व पोकळ असते व त्यावरूनच त्यास हे नाव पडले आहे. एकदा उमललेले फूल महिना-दीड महिना, कित्येकदा त्याहूनही अधिक काळ ताजे राहते. झाड आकाराने लहान असल्यामुळे खिडकीच्या कट्ट्यावरही त्याची सोय होते. असे असले तरी हे झाड हौसेने घरी आणणाऱ्या पुष्कळांची वर्ष-दोन वर्षांतच निराशा होते. झाड मरत नाही, परंतु वाढतही नाही. वर्षभरात जेमतेम एखादे पान फुटते, तेही आधीच्या पानाहून आखूड असते. मग कोणी खताची मात्रा वाढवितो, कोणी पाणी वाढवितो, कोणी कुंडी उन्हात नेऊन ठेवतो. मूळ कारण न शोधता केलेल्या या उपायांनीच बहुतेक झाडे दगावतात. म्हणून वाढ का खुंटते, ते कसे ओळखावे आणि कोणत्या क्रमाने उपाययोजना करावी, याची माहिती येथे दिली आहे.

झाडाचा स्वभाव

स्लिपर ऑर्किड या नावाखाली मोडणाऱ्या ज्या जाती घरी कुंडीत लावल्या जातात, त्या मुख्यतः पॅफिओपेडिलम या वंशातील आहेत. भारत व दक्षिण चीन येथपासून आग्नेय आशियामार्गे थेट सॉलोमन बेटांपर्यंत या वंशाचा प्रसार आहे. आपल्या देशात इन्सिग्नी, व्हेनुस्टम, स्पायसेरियानम, हिर्सुटिसिमम, व्हिलोसम, फेअरियानम या जाती ईशान्येकडील डोंगराळ प्रदेशात आढळतात. ड्रुरी ही एकच जात दक्षिणेकडे, केरळच्या अगस्त्यमलै डोंगरात आहे. महाराष्ट्रातील सह्याद्रीत यांपैकी एकही जात नैसर्गिक स्थितीत उगवत नाही.

ही गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. कारण महाराष्ट्रात ऑर्किड म्हटले म्हणजे आंब्या-फणसाच्या खोडावर वाढणारी आमरी किंवा सीतेची वेणी डोळ्यांपुढे येते. तिची जाड, पांढरी मुळे हवेत लोंबत राहतात व मधूनमधून पूर्ण सुकली तरी त्यांस अपाय होत नाही. स्लिपर ऑर्किडच्या बहुतेक जाती मात्र जंगलाच्या तळाशी, पालापाचोळ्याच्या थरात किंवा दगडांच्या सांदीत साचलेल्या कुजलेल्या पाल्यात वाढतात. तेथे सावली असते, हवा खेळती असते आणि मुळांभोवती ओल असली तरी पाणी साचून राहत नाही. पुष्कळ ऑर्किडांना पाणी व अन्न साठविणारे जाड कंद असतात, तसे या झाडास नसतात. त्यामुळे ते दीर्घ काळ कोरडे ठेवता येत नाही. त्याची मुळे तपकिरी व केसाळ असून संख्येने थोडी असतात आणि त्यांना फाटेही फारसे फुटत नाहीत. एक मूळ गेले तर त्याची भरपाई होण्यास कित्येक महिने लागतात.

वाढीची रीत समजण्यास केळीचे उदाहरण उपयोगी पडेल. केळीचा खुंट एकदाच घड देतो व त्याच्या बुडाशी आलेल्या पिलावर पुढील पीक येते. स्लिपर ऑर्किडमध्येही पंख्यासारखा पानांचा प्रत्येक फुटवा एकदाच फुलतो आणि पुढील फूल बुडातून निघालेल्या नव्या फुटव्यावर येते. जुना फुटवा फुलल्यानंतरही वर्ष-दोन वर्षे हिरवा राहून नव्यास पोशीत असतो. म्हणून फूल येऊन गेलेला फुटवा कापून टाकू नये.

वाढ खरोखरीच खुंटली आहे काय?

हे झाड मुळातच सावकाश वाढणारे आहे. ठिपकेदार किंवा चित्रविचित्र पानांच्या, उष्ण हवा सोसणाऱ्या संकरित जातींचा फुटवा सामान्यतः एक ते दोन वर्षांत फुलावर येतो. एकाच दांड्यावर अनेक फुले देणाऱ्या, लांब पट्टीसारख्या पानांच्या जातींस तीन वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. बियांपासून तयार झालेले लहान रोप फुलण्यास तर तीन ते पाच वर्षे, काही जातींत याच्या दुप्पट काळही जातो. तेव्हा गुलाब किंवा जास्वंद यांच्या मानाने या झाडाची परीक्षा करणे योग्य नव्हे.

परीक्षेची खात्रीची रीत अशी. कुंडीत एक पट्टी खोचून तीवर तारीख, पानांची संख्या व सर्वांत नव्या पानाची लांबी लिहून ठेवावी. दर महिन्यास मोजमाप करून नोंद करावी. नवे पान पूर्ण वाढल्यावर आधीच्या पानाइतके किंवा त्याहून लांब व रुंद भरत असेल, तर वाढ सावकाश असली तरी निकोप आहे व झाडास त्याच्या गतीने वाढू द्यावे. उलट प्रत्येक नवे पान आधीच्या पानाहून आखूड होत चालले असेल, पाने सुरकुतलेली किंवा लुळी पडली असतील अथवा वर्षभरात नवे पानच निघाले नसेल, तर झाडात दोष आहे असे समजावे. सर्वांत खालचे एखादे जुने पान पिवळे होऊन गळणे हे मात्र रोगाचे लक्षण नव्हे. वरून नवी पाने येत असताना तसे होणे स्वाभाविक आहे.

प्रथम मुळे पाहावीत

वाढ खुंटल्याची खात्री झाल्यावर पहिली गोष्ट करावयाची ती म्हणजे मुळांची पाहणी. पानांवर दिसणाऱ्या बहुतेक दोषांचे मूळ कुंडीच्या आत असते. कुंडी आडवी धरून हलक्या हाताने ठोकावी व झाड मिश्रणासह बाहेर काढावे. मुळांस चिकटलेले मिश्रण ओढून न काढता पाण्याच्या धारेखाली सुटे करावे.

निरोगी मूळ दाबले असता घट्ट लागते. ते तपकिरी व केसाळ असते व त्याचे टोक पांढरट किंवा पिवळसर हिरवे दिसते. कुजलेले मूळ दाबताच चेपते, त्याची साल सुटून येते व आत केवळ दोऱ्यासारखी शीर उरते. मुळाचा रंग मुळातच काळपट असल्यामुळे केवळ रंगावरून निर्णय करू नये. दाबून पाहूनच करावा. या पाहणीत तीन प्रकार आढळतात. मुळे कुजलेली असतील, तर मिश्रण खराब झालेले आहे किंवा पाणी अधिक झाले आहे. मुळे सुकून पोकळ झाली असतील, तर पाणी कमी पडले आहे किंवा नवी मुळे मिश्रणापर्यंत पोचलीच नाहीत. मुळे घट्ट पण टोके काळी पडून थांबलेली असतील, तर क्षारांचा उपद्रव झाला असण्याचा संभव फार. मुळे भरपूर व टोके वाढती असूनही वाढ मंद असेल, तर दोष उष्णता, प्रकाश किंवा अन्न यांत शोधावा.

कुजलेले मिश्रण

घरगुती झाडांची वाढ खुंटण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे जुने, कुजलेले मिश्रण होय. नारळाची सोडणे, झाडांच्या साली, पालापाचोळा इत्यादी सेंद्रिय पदार्थ कालांतराने कुजून बारीक होतात. त्यांतील पोकळ्या बुजतात, हवा कोंडते व मुळांना प्राणवायू मिळेनासा होतो. थंड देशांत जे मिश्रण दोन वर्षे टिकते, ते आपल्या उष्ण व दमट हवेत वर्ष-सव्वा वर्षातच निकामी होते. म्हणून दरवर्षी मिश्रण बदलणे हे या झाडाच्या जोपासनेतील मुख्य सूत्र समजावे. मिश्रणास आंबूस वास येऊ लागला किंवा बोटाने चोळताच त्याचा भुगा झाला, तर ठरलेल्या वेळेचीही वाट पाहू नये.

आपल्याकडे सहज मिळणाऱ्या पदार्थांपासून मिश्रण करता येते. नारळाच्या सोडणाचे सुमारे एक सेंटिमीटर आकाराचे तुकडे तीन भाग, त्याच आकाराचा लाकडी कोळसा एक भाग आणि परलाइट किंवा भाजक्या विटेची चाळलेली बारीक खडी एक भाग, असे प्रमाण बहुतेक घरांतून उपयोगी पडते. लहान रोपांसाठी तुकडे याच्या निम्म्या आकाराचे घ्यावेत. विटेची भुकटी किंवा कोळशाची पूड मिश्रणात जाऊ देऊ नये. बागेतील काळी किंवा तांबडी माती तर मुळीच घालू नये. तिने निचरा बंद पडतो.

सोडणांविषयी एक विशेष खबरदारी घ्यावी लागते. त्यांत मुळातच क्षार असतात आणि किनाऱ्यावरील खाऱ्या पाण्यात भिजविलेल्या सोडणांत ते फारच वाढतात. म्हणून तुकडे गोड्या पाण्यात एक दिवस भिजवून पाणी ओतून द्यावे व ही क्रिया निदान तीन वेळा करावी. पहिल्या पाण्याचा चहासारखा तांबूस रंग शेवटी फिका झाला पाहिजे. हे कष्ट टाळून लावलेल्या झाडांची मुळे नव्या मिश्रणातही थांबून राहतात.

नायव्हियम, काँकलर, बेलॅट्युलम यांसारख्या चुनखडकावर वाढणाऱ्या जातींसाठी मिश्रणावर कालवांच्या शिंपल्यांचा जाडसर चुरा चमचाभर पसरणे हितावह आहे. मिश्रण कुजताना आंबट होत जाते, ते यामुळे आटोक्यात राहते. मात्र विहिरीचे जड पाणी देणाऱ्यांनी हा चुरा घालण्याचे कारण नाही.

कुंडी व लावण्याची खोली

झाड मोठे व्हावे म्हणून त्यास मोठी कुंडी देण्याचा मोह होतो. परंतु थोडी मुळे असलेले झाड मोठ्या कुंडीत लावले म्हणजे न वापरलेले पाणी मिश्रणात आठवडाभर साचते व मुळे कुजतात. कुंडीची निवड पानांच्या पसाऱ्यावरून न करता मुळांच्या पुंजक्यावरून करावी. मुळे सैलसर मावून सभोवार बोटभर जागा उरेल एवढीच कुंडी घ्यावी. प्लॅस्टिकच्या कुंडीत ओल सारखी टिकते. मातीच्या कुंडीत हवा चांगली खेळते, परंतु ती लवकर सुकते व तिच्या अंगात क्षार साचतात. दोन्हींत झाडे चांगली वाढू शकतात. पाणी देण्याचा क्रम मात्र कुंडीनुसार ठेवावा. तळास व बाजूंस पुरेशी भोके असावीत आणि कुंडीखालील बशीत पाणी साचू देऊ नये.

लावण्याच्या खोलीकडे फारच थोड्यांचे लक्ष असते. नवा फुटवा जुन्याच्या बुडाशी, किंचित वरच्या पातळीवर निघतो व त्याची मुळेही तेथूनच फुटतात. दर फुटव्यागणिक झाड असे थोडे थोडे वर चढते. अशा वेळी बूड मिश्रणाच्या वर उघडे राहिले, तर नवी मुळे हवेत निघून बोटाच्या पेराएवढी होण्यापूर्वीच सुकतात. झाड केवळ जुन्या मुळांवर जगत राहते व ती गेली की वाढ एकाएकी थांबते. यासाठी दर वेळी बूड मिश्रणाच्या पातळीखाली सुमारे एक सेंटिमीटर जाईल असे झाड लावावे. पानांचा गाभा मात्र झाकला जाऊ नये. मधल्या काळात बूड उघडे पडलेले दिसल्यास भोवती थोडे भिजविलेले शेवाळ लावावे. झाड डोलू नये म्हणून काडीचा आधार देणे इष्ट होय. डोलणाऱ्या झाडाच्या नव्या मुळांची टोके घासून मोडतात.

मिश्रण बदलण्यास महाराष्ट्रात जून-जुलैचा काळ व थंडी ओसरतानाचा फेब्रुवारी महिना हे दोन्ही सोयीचे आहेत. एप्रिल-मेच्या कडक उन्हाळ्यात हे काम करू नये. मुळांची अवस्था फारच बिघडली असेल तर मात्र हंगामाची वाट न पाहता झाड काढावे व सावलीत जपावे. झाडाचे तुकडे पाडून संख्या वाढविण्याची घाईही करू नये. एकेका फुटव्याचे तुकडे दीर्घ काळ खुरटलेले राहतात. प्रत्येक तुकड्यास निदान तीन फुटवे व स्वतःची मुळे असावीत.

पाणी

मिश्रण सदैव ओलसर असावे, परंतु चिंब नसावे, हा पाण्याचा सामान्य नियम आहे. वरचा थर सुकत आला व बोट खुपसले असता आत किंचित ओल लागली, म्हणजे पाणी द्यावे. कुंडी हातात उचलून तिच्या वजनाचा अंदाज घेण्याची सवय केल्यास चूक होत नाही. सर्वसाधारणपणे थंडीत आठवड्यातून एकदा, उन्हाळ्यात दोन ते तीन वेळा पाणी लागते. पावसाळ्यात हवेच्या मानाने ठरवावे. पाणी सकाळी द्यावे आणि ते तळाच्या भोकांतून वाहून जाईपर्यंत द्यावे. वाटीभर पाणी रोज शिंपडल्याने वरचा थर तेवढा भिजतो व क्षार आतल्या आत साचतात.

पाण्याच्या मात्रेइतकाच त्याच्या गुणाचाही प्रश्न आहे. दख्खनच्या पठारावरील पुष्कळ विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी जड असते. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही व साबणास फेस येत नाही, ते या झाडास चांगले नव्हे, असा ढोबळ नियम धरण्यास हरकत नाही. पानांची टोके तपकिरी होऊन करपणे, कुंडीच्या काठावर व मिश्रणावर पांढरा थर धरणे आणि मुळांची टोके काळी पडणे ही क्षारांची लक्षणे होत.

यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे पावसाचे पाणी साठविणे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी मिळते. दहा कुंड्यांस प्रत्येकी अर्धा लिटर पाणी आठवड्यातून दोनदा द्यावयाचे म्हटले, तर आठवड्यास १० लिटर व ऑक्टोबर ते मे या सुमारे ३५ आठवड्यांत ३५० लिटर पाणी लागेल. दहा चौरस मीटर छपरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तरी ५०० लिटर पाणी उतरते. पहिल्या एक-दोन सरींचे धुवट पाणी सोडून देऊन नंतरचे पाणी २०० लिटरच्या दोन पिंपांत भरले, तर घरगुती गरज भागते. पिंपावर घट्ट झाकण किंवा बारीक जाळीचे कापड बांधावे. अन्यथा डासांची पैदास होते.

उष्णता, हवा व दमटपणा

जागेस न मानवणारी जात निवडणे हेही वाढ खुंटण्याचे मोठे कारण आहे. इन्सिग्नी, फेअरियानम, व्हिलोसम या डोंगराळ जातींना थंडीच्या दिवसांत १० ते १३ अंश सेल्सिअस इतक्या गार रात्री मानवतात. मुंबई किंवा कोकणपट्टीत रात्रीही उकाडा असतो, त्यामुळे तेथे या जाती जगल्या तरी खुरटतात व फुलत नाहीत. त्यांना महाबळेश्वर, पाचगणी यांसारखी ठिकाणे अधिक अनुकूल आहेत. तेथेही मुसळधार पावसापासून छपराचा आडोसा मात्र द्यावाच लागतो. मुंबई, ठाणे, रत्नागिरी, गोवा या भागांसाठी ठिपकेदार पानांचे संकर, कॅलोसम, नायव्हियम, एक्सुल, फिलिपिनेन्स अशा उष्ण हवेत वाढणाऱ्या जाती निवडाव्यात. पुणे, नाशिक, कोल्हापूर येथे यांपैकी बऱ्याच जाती जमतात. मात्र उन्हाळ्यातील कोरड्या हवेचा बंदोबस्त करावा लागतो. विदर्भात एप्रिल ते जूनपर्यंत झाडे घरातील सर्वांत गार खोलीत, ओल्या वाळ्याच्या पडद्याआड किंवा कूलरच्या हवेत, परंतु थेट झोताबाहेर ठेवावीत.

तापमान ३५ अंशांच्या वर दीर्घ काळ राहिले म्हणजे झाडाची वाढ थांबते. अशा वेळी खत पूर्णपणे बंद ठेवून सावली, दमटपणा व वारा यांकडे लक्ष द्यावे. हवेत निदान ५० ते ६० टक्के आर्द्रता असणे इष्ट होय. पसरट ताटात खडे पसरून त्यांत पाणी ठेवावे व कुंड्या पाण्याला न टेकता खड्यांवर मांडाव्यात; अनेक झाडे जवळजवळ ठेवल्यानेही आसपासची हवा दमट राहते. आर्द्रतेबरोबर वाराही खेळता हवा. कोंदट, दमट हवेत पानांचा गाभा सडतो.

प्रकाश

स्लिपर ऑर्किड सावलीत वाढते हे खरे. परंतु सावली म्हणजे अंधार नव्हे. पूर्वेची खिडकी किंवा गच्चीवर सुमारे ७० ते ८० टक्के सावली देणारी जाळी त्यास पुरते. सकाळचे कोवळे ऊन चालते. दहानंतरचे थेट ऊन पानांवर पडू देऊ नये. पाने गर्द हिरवी, लांबट व लुळी होत असतील व नवे फुटवे बारीक निघत असतील, तर प्रकाश कमी पडतो आहे. पाने पिवळट किंवा तांबूस होऊन ताठ व आखूड राहत असतील, तर तो अधिक होतो आहे. झाडाची जागा एकदम न बदलता आठ-आठ दिवसांनी थोडी थोडी सरकवावी. भरदिवसा पानास हात लावून पाहावा. पान हातास गरम लागले तर ती जागा योग्य नाही.

खत

खुंटलेल्या झाडास खत वाढविणे ही फार मोठी चूक आहे. मुळे नसलेल्या झाडास खत म्हणजे केवळ क्षार होत. मुळे वाढती आहेत अशी खात्री झाल्यावरच, तेही अत्यंत सौम्य प्रमाणात, खत द्यावे. पाण्यात पूर्ण विरघळणारे १९:१९:१९ हे मिश्रखत एक लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम घातले, म्हणजे दर लिटरमागे सुमारे ९५ मिलिग्रॅम नत्र मिळते. एवढी मात्रा पंधरा दिवसांतून एकदा पुरे होते. लहान रोपांस याच्या निम्मी द्यावी. शेतात वापरावयाचा युरिया या झाडास देऊ नये. शेणखत, पेंड इत्यादी पदार्थांनी मिश्रण लवकर कुजते व निचरा बिघडतो. तेव्हा तीही टाळावीत.

पावसाचे पाणी वापरणाऱ्यांच्या झाडांत कॅल्शियमची उणीव पडते. त्यांनी महिन्यातून एकदा कॅल्शियम नायट्रेट लिटरमागे पाव ग्रॅम द्यावे. ते व इतर खते एकाच वेळी, विशेषतः दाट द्रावणाच्या रूपात, मिसळू नयेत. साका तयार होऊन दोन्ही वाया जातात. महिन्यातून एक पाणी खताशिवाय व भरपूर द्यावे, म्हणजे साचलेले क्षार धुऊन जातील. खत नेहमी ओल्या मिश्रणावर द्यावे, कोरड्यावर देऊ नये.

किडी व रोग

पिठ्या ढेकूण हा या झाडाचा मुख्य शत्रू होय. तो पानांच्या बगलेत, कळीच्या दांड्यावर व कित्येकदा मुळांवरही लपून रस शोषतो. त्यामुळे बाहेरून कारण न दिसता झाड खंगत जाते. मिश्रण बदलताना मुळांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात काय, ते पाहावे. थोडा प्रादुर्भाव असल्यास कापसाचा बोळा सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून कीड पुसून काढावी व आठ दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा हे काम पुन्हा करावे. खवलेकिडीवरही हाच उपाय चालतो. कोरड्या उन्हाळ्यात पानांच्या खालच्या बाजूस लाल कोळी पडून पाने निस्तेज, रुपेरी दिसू लागतात. पाने दोन्ही बाजूंनी पाण्याने धुवावीत व हवा दमट ठेवावी. पावसाळ्यात गोगलगाई रात्री मुळांची कोवळी टोके व कळ्या खातात. त्या कंदिलाच्या किंवा बॅटरीच्या उजेडात वेचून माराव्यात.

गाभ्यात पाणी साचल्याने तो तपकिरी, पाणथळ होऊन सडतो व हा रोग दोन-चार दिवसांत सर्व फुटवा खाऊन टाकतो. संध्याकाळी पानांवर पाणी देऊ नये. सडलेला भाग निरोगी भागापर्यंत कापून काढावा, कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावावी व झाड काही दिवस कोरडेसे ठेवावे. दालचिनीची पूड मुळांस मात्र लावू नये, ती सुकतात. एका झाडास वापरलेली कात्री ज्योतीवर तापविल्याशिवाय दुसऱ्या झाडास लावू नये.

मुळे गेलेले झाड कसे वाचवावे

पाहणीत एकही जिवंत मूळ आढळले नाही तरी निराश होण्याचे कारण नाही. पाने घट्ट व बूड टणक असेल, तर झाड पुन्हा उभे राहू शकते. कुजलेली मुळे कापून टाकावीत, झाड काही तास सावलीत सुकू द्यावे व नंतर अगदी लहान कुंडीत ओल्या, पिळून घेतलेल्या शेवाळात बूड टेकेल असे बसवावे. कुंडीवर पारदर्शक पिशवी सैल घालून तीत वाऱ्यासाठी भोके पाडावीत, म्हणजे पानांतील पाणी उडून जाणार नाही. कुंडी उजेडात, परंतु उन्हाबाहेर ठेवावी. शेवाळ सुकत आले तरच थोडे पाणी द्यावे; खत मुळीच देऊ नये. नवी मुळे निघण्यास दोन ते चार महिने लागतात व या काळात झाड वरवर पाहता निश्चल दिसते. ते उपटून पुन्हा पुन्हा पाहू नये. नवे पान हलू लागले म्हणजे मुळे धरली असे समजावे व क्रमाने पिशवी काढून नेहमीचे मिश्रण द्यावे.

रोपांची निवड व कायदा

काही झाडांची वाढ उपजतच मंद असते. इतर पुष्कळ ऑर्किडांची उतिसंवर्धनाने एकसारखी रोपे तयार होतात, तशी स्लिपर ऑर्किडची सहजासहजी होत नाहीत. ती बियांपासून किंवा फुटवे विभागून करावी लागतात. त्यामुळे एकाच फळातील बियांची रोपेही जोमात कमी-अधिक निघतात. निदान दोन फुटव्यांचे, घट्ट पानांचे व कुंडीत न डोलणारे रोप निवडावे.

जंगलातून उपटलेली झाडे स्वस्त मिळतात, परंतु ती घेणे सर्वथा अयोग्य आहे. अशा झाडांची मुळे तुटलेली असतात व त्यांतील बहुसंख्य कुंडीत धरत नाहीत. संग्राहकांच्या हावेने या झाडांवर ओढवलेले संकट जुने आहे. फेअरियानम या जातीचे वर्णन १८५७ साली झाले. त्यानंतर सुमारे अर्धशतक ती पुन्हा हाती लागली नव्हती. अखेर १९०५ च्या सुमारास ती भूतानात सापडली व लागलीच तिच्यामागे व्यापाऱ्यांची धाड लागली. अगस्त्यमलैची ड्रुरी जातही अशाच लुटीमुळे नामशेष होण्याच्या मार्गावर आली. म्हणूनच १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात स्लिपर ऑर्किडांस संरक्षण देण्यात आले असून ती वनांतून काढणे हा गुन्हा आहे. त्यांची लागवड व विक्री यांसाठीही परवान्याची तरतूद आहे. आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या सायटीज कराराच्या पहिल्या परिशिष्टात हा सर्व वंश १९९० पासून समाविष्ट आहे. तेव्हा हौशी बागवानांनी प्रथम आपल्या जिल्ह्यातील वनविभागाच्या कार्यालयात परवान्याविषयी चौकशी करावी आणि संवर्धित रोपेच परवानाधारक रोपवाटिकेतून रीतसर पावतीसह घ्यावीत. सिक्कीममधील पाक्योंग येथे १९९६ पासून राष्ट्रीय ऑर्किड संशोधन केंद्र कार्य करीत आहे.

सारांश

वाढ खुंटलेल्या झाडाची तपासणी पुढील क्रमाने करावी. प्रथम नोंदीवरून वाढ खरोखर खुंटली आहे काय, ते ठरवावे. नंतर मुळे पाहावीत. मुळे खराब असतील तर मिश्रण, लावण्याची खोली व पाणी यांत सुधारणा करावी व तोपर्यंत खत बंद ठेवावे. मुळे चांगली असतील तर जात जागेस मानवणारी आहे काय, उष्णता व प्रकाश योग्य आहेत काय, कीड आहे काय, हे पाहावे. खताचा विचार सर्वांत शेवटी करावा. एका वेळी एकच बदल करून निदान तीन महिने वाट पाहावी. अनेक बदल एकदम केल्यास कोणत्या बदलाने गुण आला ते कळत नाही.

आज दिलेल्या काळजीचे फळ या झाडात पुढच्या फुटव्यावर, म्हणजे वर्ष-दीड वर्षाने दिसते. तोवर घाई न करता मुळे जपणाऱ्याच्या कुंडीत एकेक फुटवा आधीच्याहून जोमदार येत जातो व फूलही ठरल्या हंगामी उमलते.